आईच्या नकाशात जागा नाही

मी गाडीला लाथ मारली तेव्हा आई तिसऱ्या मजल्यावर कळवळली.

"आई गं!" तिची किंकाळी खाली पार्किंगपर्यंत ऐकू आली. मग ती बाल्कनीत धावत आली, डावी मांडी दोन्ही हातांनी धरून. मी लाथ डाव्या दरवाजाला घातली होती, म्हणून डावी मांडी. किती चोख काम!

"कोण मेलं लाथा घालतंय गाडीला?"

"मी!" मी खालून ओरडले. "जुई सारिका ढोबळे, दहावी ब! ओळखलंस का?"

आता तुम्ही म्हणाल, काय कार्टी आहे, आईच्या गाडीला लाथा घालते. थांबा जरा. त्याच्या पाचच मिनिटं आधीचं ऐका. त्या दिवशी मी वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. नववीपर्यंत स्टेजवर चढलं की मला पहिल्या वाक्याला रडू यायचं, आणि त्या दिवशी मी अख्ख्या सांगलीतल्या शाळांसमोर सात मिनिटं बोलले, एकदाही अडखळले नाही! तीन मजले लिफ्टशिवाय धावत चढले. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती, फोनवर बोलत होती. मी मागून जाऊन तिला गच्च मिठी मारली. पाठीवर गाल टेकवला. म्हटलं, बोलणं संपू दे, मग सांगू. मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे म्हटले.

आईनं फोन ठेवला, वळली आणि दचकली.

"अगं! केव्हा आलीस?"

माझे हात अजून तिच्या कमरेभोवती होते.

मी हात सोडले. खाली गेले आणि गाडीला लाथ मारली. लाथ तिला लगेच कळली.

*

तुमच्या घरी 'सायुज्य' नसेल तर तुम्ही नशीबवान आहात, किंवा तुमच्या घरचे लोक ते कधी परवडेल याची वाट बघत असतील. माहीत नसणारं तर आता कुणी उरलेलं नाही. तरी सांगते, कारण जाहिरातीत सांगतात ते अर्धंच असतं.

हे यंत्र मुळात चांगल्या कामासाठी निघालं. उसाच्या चरकात हात गेलेल्या एका माणसाला कृत्रिम हात बसवला होता. हात हलायचा, पण त्याला तो आपला वाटायचा नाही, लाकूड बांधल्यासारखा वाटायचा. मग त्या हातावर एक पारदर्शक लेप दिला. त्या लेपाला स्पर्श कळतो, दाब कळतो, ऊन-गार कळतं. आणि कानामागे टिकलीएवढी चकती चिकटवली. लेपाला जे कळेल ते चकती ध्वनिलहरींनी मेंदूच्या एका पट्टीपर्यंत पोचवते. चाळीस मिनिटांत मेंदूनं तो हात आपला मानला. त्या माणसानं म्हणे बायकोच्या गालाला हात लावला आणि रडला. इथपर्यंत मीसुद्धा टाळ्या वाजवते.

पण लेप हाताला लावता येतो तर गाडीला का नाही? पर्सला का नाही? कंपनीच्या डोक्यात हे आलं आणि सगळी वाट लागली. त्यांनी लेपात बारीक डोळेही बसवले. तुमच्या वस्तूकडे कुणी कौतुकानं पाहिलं की ते डोळे ओळखतात आणि तुमच्या अंगावर गोड शहारा येतो. म्हणजे लोक गाडीकडे बघतात आणि तुम्हाला मऊ मऊ वाटतं! त्यामुळे आता लोक मंगल कार्यालयाच्या अगदी दारात गाडी लावून आत जेवायला बसतात आणि घास घेता घेता मध्येच डोळे मिटून हसतात. पर्स नेहमी गर्दीच्या बाजूच्या खांद्याला. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी तर नवीन बाइककडे बघायला दोन पोरं रोजानं ठेवली होती.

एका वस्तूला म्हणतात एक जोड. तीन जोडांपर्यंत कानामागची टिकली तांब्याची, चारपासून चांदीची, नऊपासून सोन्याची. बायका आता आंबाडे उंच बांधतात ते उगीच नाही. लग्नाच्या बायोडेटात उंची, शिक्षण आणि मग जोड. परवा एका लग्नाच्या पंगतीत मी माझ्या कानांनी ऐकलं, "मुलगी छान आहे हो, पण अजून तांब्यातच आहे."

आईचे आठ जोड होते. गाडी, पर्स, मनगटी घड्याळ, दिवाणखान्यातला मोठा आरसा, जेवणाचं टेबल, देव्हारा (हो, देव्हारासुद्धा!), झुंबर आणि सोफा. नववा होणार होता धामणी रोडचा नवा बंगला. अख्खा. भिंती, फरशा, जिना, गच्ची, सगळं. येत्या शुक्रवारी वास्तुशांत, गुरुवारी जोड.

आणि खरं सांगू? सातव्या जोडापर्यंत मीही नाचत होते. शाळेच्या फाटकाशी गाडीतून उतरताना दार मुद्दाम हळू लावायची, म्हणजे सगळ्यांना बघायला वेळ मिळावा. "आमचे सात झाले," असं वर्गात सांगायची. आमचे! माझा काय संबंध? सोळा वर्षांखाली जोड देत नाहीत म्हणून मी वाचले, नाहीतर माझ्या दप्तराला पहिला लेप लागला असता. हे लिहिताना मला माझाच राग येतोय. येऊ दे.

*

आई बाळ-बाळंतिणीला मालिश करते. तिची आई तेच करायची. बाबा मी तिसरीत असताना गेले, त्यानंतर आईनं एकटीच्या हातांवर घर चालवलं. 'हातांवर' हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. आई बाळाच्या पोटावर नुसती दोन बोटं फिरवून सांगायची, गॅस कुठे अडकलाय. बाळंतिणीच्या पाठीत कुठला मणका ओढलाय ते तिच्या अंगठ्याला कळायचं. आंघोळीचं पाणी ती फक्त हाताच्या पाठीनं बघायची आणि तेवढ्यावर डॉक्टरही विश्वास ठेवायचे. आता तिच्या हाताखाली अकरा जणी आहेत, गाडीवर 'मायेचा हात' असं नाव आहे, आणि लोक तिला सारिका मॅडम म्हणतात. पण मोठ्या घरच्या बाळांना ती अजून स्वतः आंघोळ घालते. तीच तर तिची शान.

लाथेच्या दुसऱ्या दिवशी मी आमच्या विज्ञानाच्या अत्तार मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी फळ्यावर एक विचित्र माणूस काढला. हात राक्षसासारखे, ओठ हे एवढे, पाठ चिमुकली, पाय काडीसारखे.

"मेंदूला आपण असे दिसतो," त्या म्हणाल्या. "डोक्यात या कानापासून त्या कानापर्यंत एक पट्टी आहे, तिच्यावर अख्ख्या शरीराचा नकाशा. जे जास्त वापरतो त्याला जास्त जागा. तुझ्या आईच्या नकाशात तर बोटांचे महाल असतील."

"मग गाडी कुठे बसली, मॅडम?"

"तोच प्रश्न आहे. पट्टी तेवढीच राहते. नवीन कुणी आलं की कुणाला तरी सरकावं लागतं." त्यांनी डस्टरनं त्या माणसाची पाठ पुसली आणि तिथे गाडी काढली. मग मांडी पुसून टेबल. "पहिल्यांदा कमी वापराचे भाग जातात. पाठ, मांड्या, पोटऱ्या. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण आठ म्हणजे..." त्यांचा हात फळ्यावरच्या राक्षसी पंजाशी थांबला. "जुई, कंपासपेटी आहे ना तुझ्याकडे? कर्कटक काढ."

मॅडमनी मला परीक्षा शिकवली. कर्कटकाची दोन टोकं बोटाच्या पेरावर हलकेच टेकवायची. डोळे मिटलेल्या माणसाला विचारायचं, एक की दोन? टोकं दोन मिलिमीटर लांब असली तरी मला दोन कळत होती. मॅडमना तीनला कळली.

घरी आल्यावर आईला म्हटलं, "प्रकल्प आहे, मार्क मिळतील." मार्क म्हटलं की आई कुठेही बसते. डोळे मिट म्हटलं, मिटले. तिचं बोट हातात घेतलं, टोकं पाच मिलिमीटर लांब केली.

"एक," आई म्हणाली.

एक सेंटिमीटर. "एक." पेर संपलं, मग तळहातावर गेले. तीन सेंटिमीटर.

"एकच गं. किती वेळ तेच विचारणार?"

मी कर्कटक पूर्ण फाकवलं. एक टोक अंगठ्याच्या गादीवर, दुसरं करंगळीखाली. थोडं दाबलंसुद्धा. आई मिटल्या डोळ्यांनी वाट बघत होती.

"टेकव की," ती म्हणाली.

मी कर्कटक फेकलं. "आई, तुझे हात गेलेत! तू उद्या त्या शिराळकरांच्या बाळाला आंघोळ घालणार आहेस आणि तुझे हात गेलेत!"

"ओरडू नकोस. थोडं बधिर वाटतं कधीकधी. कंपनीनं कागदावर लिहिलंय, संवेदनेत सौम्य बदल."

"सौम्य? सगळं काढून टाक. बंगल्याचा जोड रद्द कर."

मग आईची मूळ बोली बाहेर आली. चिडली की येते. "का म्हणून रद्द करू गं? तुला काय ठावं हाय? त्याच शिराळकरीणबाईकडं मी सोळा वर्षांमागं जायची, पोटात तू. तिच्या बाळंतीण पोरीची मालिश करायची. मला चहा द्यायची कान तुटलेल्या कपात. आणि तो कप कुठं ठेवायची? न्हाणीघराच्या खिडकीत, फिनेलच्या डब्याशेजारी! आज तीच बाई मला सोफ्यावर शेजारी बसवते, मॅडम म्हणते. का? माझे हात चांगले हायत म्हणून? हात तेव्हाबी चांगलेच होते!"

 ते खरं होतं. हात तेव्हाही चांगलेच होते.

"बरं," शेवटी मी म्हणाले. "निदान थर्मामीटर ने. शप्पथ घे."

आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिला माझे केस लागले का, देव जाणे. "घेतली," ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी शिराळकरांकडे बारसं होतं. त्यांना बाळाची आंघोळसुद्धा पाहुण्यांना दाखवायची होती. माझ्या शाळेला सुटी होती, मी आईबरोबर मदतीला गेले. खरं म्हणजे राखण करायला गेले.

न्हाणीघर आमच्या हॉलएवढं. भिंतीत नळ असा, की आकडा लावला की नेमकं तेवढंच कोमट पाणी यावं. पण तो नळ बंद! कारण शिराळकर काकूंनी खास तांब्याचं घंगाळ आणलं होतं, नक्षीचं, आणि गॅसवर तापवलेलं पाणी मोठ्या पातेल्यातून त्यात ओतलं जात होतं. शेजारी गार पाण्याची बादली. दाराशी दहाबारा बायका, सगळ्यांचे आंबाडे उंच, टिकल्या चमकतायत.

आई पाटावर बसली, पाय लांब केले, बाळाला पोटऱ्यांवर निजवलं आणि तेल लावायला लागली. हात अगदी पूर्वीसारखे फिरत होते. सवयीनं फिरत होते. बायका "वाहवा" करत होत्या. मी वाकून पाहिलं तर बाळाच्या इवल्याशा दंडावर आईची चार बोटं लाल उमटली होती. बाळ रडत होतं.

"रडू दे, फुप्फुसं मोकळी होतात," कुणीतरी तज्ज्ञ म्हणाली.

"आई," मी कुजबुजले, "हळू."

"हळूच करतेय."

मग पाणी. आईनं घंगाळात गार पाण्याचे दोन तांबे ओतले. तिचा हात पिशवीकडे गेला. थर्मामीटर वरच होता, मीच ठेवला होता. तेवढ्यात काकू मागे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "आमच्या सारिका मॅडमना थर्मामीटर-बिर्मामीटर काही लागत नाही हं! हातच थर्मामीटर!"

बायका हसल्या. बारा जणी कौतुकानं बघायला लागल्या. आईचा हात पिशवीवरून परत आला.

तिनं हात घंगाळात बुडवला. मी बघत होते. मनगटापर्यंत बुडवला आणि ठेवला. पाण्यावर वाफ होती. आईच्या हाताचा रंग बदलत होता, गुलाबी, मग लाल, शिजल्यासारखा लाल, आणि आई पाहुण्यांकडे बघून हसत होती.

"छान कोमट आहे," ती म्हणाली आणि तांब्या भरला.

मी ओरडले का, ते आठवत नाही. एवढंच आठवतं की तांब्या तिरका झाला आणि मी दोन्ही हात बाळावर पसरले. पाणी माझ्या उजव्या हातावर पडलं. आईशप्पथ सांगते, तसलं दुखणं मी आयुष्यात अनुभवलं नव्हतं. मी किंचाळले. बाळाची आई धावत आली आणि तिनं बाळ उचललं. थोडे शिंतोडे बाळाच्या पायावर उडाले होते, तेवढंच. बाळ वाचलं.

आई अजून तांब्या धरून बसली होती. "काय गं? कोमट तर आहे," ती म्हणाली. तांब्यातलं उरलेलं पाणी तिच्या पायांवरून वाहत होतं. तिच्या पोटऱ्या लालबुंद झाल्या होत्या. तिला त्यातलं काहीच कळत नव्हतं. माझ्या हातावर फोड येताना तिनं डोळ्यांनी पाहिला, तेव्हा कळलं.

आणि शिराळकर काकू? नातवाकडे एकदा पाहिलं आणि मग पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, "चला चला, जेवायला चला, काही नाही झालं." आम्ही मागच्या दारानं निघताना मात्र म्हणाल्या, अगदी शांतपणे, "चांदीची टिकली लावली म्हणून काय झालं? शेवटी मालिशवालीच."

माझा हात जळत होता, पण त्या वाक्यानं माझं डोकं जास्त जळलं. वळून म्हणाले, "काकू, तुमच्या नातवाला मालिशवालीच्या मुलीनंच वाचवलंय. आणि घंगाळ तुमचं होतं!"

आईनं मला ओढलं. एवढ्या जोरात ओढलं की दंडावर वळ उठला.

*

मला वाटलं, आता तरी. आम्ही दवाखान्यातून आलो, माझ्या हाताला पट्टी, आईच्या हाताला आणि पोटऱ्यांना मलम, आणि मी वाट बघत बसले की आई आता म्हणेल, सगळं काढून टाकते.

आई संध्याकाळी चहा घेऊन माझ्याशेजारी बसली. डोळे सुजलेले. म्हणाली, "मी ठरवलंय जुई. ह्यापुढे मी आंघोळ घालणार नाही. मालिश नाही, काही नाही. अकरा जणी आहेत, त्या करतील. मी फक्त बघीन."

"आणि बंगला?"

"बंगला जोडायचा. आता तर जोडायचाच. शेवटी मालिशवालीच म्हणाली ना? येऊ दे शुक्रवारी, बघू दे सोन्याची टिकली."

म्हणजे कळतंय का तुम्हाला? तिला वस्तू आणि हात यांतलं एक सोडायचं होतं, आणि तिनं हात सोडले. आजीनं दिलेले हात. ज्या हातांनी सांगलीतली निम्मी बाळं मोठी झाली ते हात, त्या एका बाईच्या एका वाक्यासाठी!

दोन दिवस मी आईशी बोलले नाही. फोडांनी झोप येत नव्हती आणि रागानंही.

गुरुवारी सकाळी आम्ही बंगल्यावर गेलो. सगळीकडे रंगाचा वास. कंपनीच्या सल्लागार नेत्रा मॅडम आधीच आल्या होत्या. आवाज असा, जणू घशात गुलकंद. लेप रात्रीच देऊन झाला होता, भिंती किंचित चमकत होत्या.

"अख्ख्या घराला किती जागा लागेल?" मी विचारलं. "नकाशात?"

नेत्रा मॅडमनी माझ्याकडे नीट पाहिलं. शाळेतली मुलगी असं विचारेल असं त्यांना वाटलं नसावं. "हात थोडे जड वाटतील, बाळा. चेहराही थोडा. पण त्या बदल्यात विचार कर, आईला घरात चालणाऱ्या प्रत्येकाचं पाऊल कळेल!"

"आणि ओठ?"

"काय?"

"नकाशात ओठांना हातांखालोखाल मोठी जागा असते. तेही जाणार ना? मग पापा घेतलेला तिला कळणार नाही."

"सवय होते," त्या गुलकंदातून म्हणाल्या आणि पाटी पुढे केली. "मोठ्या जोडाला घरातल्या पंधरा वर्षांवरच्या एकाची संमती लागते. अंगठा दे इथे. अरे, उजव्याला पट्टी आहे का? मग डावा चालेल."

चालेल! उजवा भाजला तर डावा! मी डावा हात पाठीमागे नेला.

"नाही देणार."

"जुई," आई म्हणाली. "अंगठा दे."

"नाही. तू अबोला धर, उपास कर, मला हाकलून दे. माझी संमती नाही. त्या बाईला दाखवायला तू भिंत होणार? हो की! मग मी कुणाला आई म्हणू? जिन्याला? गच्चीला?"

"तोंड आवर."

"तू त्या शिराळकरणीला हरवत नाहीयेस, आई. तू तीच होतेयस! उद्या तूसुद्धा कुणालातरी फुटका कप..."

आईनं थोबाडीत मारली.

आधी कधी मारली नव्हती असं नाही. पण ही वेगळी होती. माझं डोकं चौकटीवर आपटलं, कानात शिट्टी वाजली, तोंडात मिठासारखी चव आली. मी हनुवटीला हात लावला तर बोटं लाल. नेत्रा मॅडम "अरे बापरे" म्हणून दोन पावलं मागे सरकल्या, ताज्या भिंतीला रक्त लागू नये म्हणून असेल.

आई माझ्याकडे बघत होती. मग स्वतःच्या तळहाताकडे. तळहातावर माझ्या दाताचा ओरखडा होता, त्यातून रक्ताचा थेंब आला होता. तिनं तो दुसऱ्या बोटानं पुसला. परत आला. तिनं परत पुसला, जणू दुसऱ्याच कुणाचा हात आहे.

"मी हळूच मारली," ती म्हणाली. "नुसतं... टेकवल्यासारखं. जुई, मी हळूच मारली गं."

मी रडले नाही. मला रडायचंच नव्हतं. म्हटलं, "बाळालाही तू हळूच धरलं होतंस."

आई त्या चकचकीत फरशीवर मटकन बसली.  नेत्रा मॅडमनी दोनदा घड्याळ पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा आईनं मान वर केली.

"जोड काढायला काय करावं लागतं?"

"काढायला?" त्यांचा गुलकंद पहिल्यांदा आटला. "मॅडम, आजवर कुणी विचारलंच नाही. काढता येतात, पण... मेंदूला तो अवयवच वाटतो ना. भूल चालत नाही, जागं राहावं लागतं. आणि गेलेली जागा परत मिळेलच याची खात्री कंपनी देत नाही. एका वेळी एकच. शेवटचा जोड आधी."

"शेवटचा कुठला?" आईनं मला विचारलं. तिला खरंच आठवत नव्हतं!

*

शुक्रवारची वास्तुशांत झाली नाही. सगळ्यांना निरोप गेले. शिराळकर काकूंचा 'अरेरे' असा संदेश आला, शेवटी हसऱ्या चेहऱ्यासकट.

रविवारी सकाळी दहाला आई हॉलमध्ये चटईवर आडवी झाली. नेत्रा मॅडमबरोबर एक तंत्रज्ञ होते, त्यांनी तिच्या कानामागे यंत्र लावलं. पहिली पाच मिनिटं काही नाही. मग आईचे डोळे विस्फारले आणि ती ओरडायला लागली. बाबा गेले तेव्हासुद्धा ती अशी ओरडली नव्हती, तेव्हा ती पदर तोंडात कोंबून रडली होती. आता तिनं अख्खी इमारत हलवली. पाय झाडले, चटई फाडली, "नको, नको, माझी पाठ नेताय" म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसले होते. तिचा हात धरला नाही. धरला असता तरी तिला कळला नसता, आणि मला अजून माफही करायचं नव्हतं. पण उठूनही गेले नाही.

दाराची बेल वाजली. वाजतच राहिली. मी दार उघडलं. खालच्या मजल्यावरच्या वाघमोडे काकू पुढे, त्यांच्यामागे जिन्यात चारपाच बायका. काकूंचे हात कणकेनं भरलेले, तसेच पळत आल्या होत्या, आणि डोक्यावर पदर घेतला होता. मयताच्या घरी जाताना घेतात तसा. आंबाडा झाकला गेला होता, पण कानामागची चांदीची टिकली पदराच्या कडेतून दिसत होती.

आतून आई पुन्हा किंचाळली.

काकूंनी मला छातीशी धरलं. "अगं पोरी, कोण गेलं?"

"सोफा," मी म्हणाले. "अजून सात आहेत."